‘सांगितलं तर आई फोन काढून घेते’

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)

कमिटीने मला २० मिनिटं दिली आहेत आणि माझ्यानंतर अळूवड्या आहेत, हे मला माहीत आहे. तेव्हा वेळेत संपवते.

चेअरमनसाहेबांनी ओळख करून देताना मला ‘तज्ज्ञ’ म्हटलं. ते त्यांचं प्रेम. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग घेतले आणि निवृत्तीनंतर आपल्या बी विंगमधल्या मुलांचा अभ्यास घेते. कॉम्प्युटरमधलं मला कामापुरतं कळतं. पण सहा ते दहा वर्षांचं मूल केव्हा बोलतं आणि केव्हा गप्प बसतं, ते मला नक्की कळतं. आज त्यावरच बोलणार आहे.

आपल्या सोसायटीची नोंदणी २००० सालची. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. म्हणजे तो कायदा आणि आपली इमारत एकाच वयाची. तेव्हा घरातला फोन हॉलमध्ये असायचा, त्यावर क्रोशाचं कव्हर. कुणाचा फोन आला, कोण किती वेळ बोललं, सगळ्या घराला कळायचं. एखादा अनोळखी माणूस मुलाचं नाव घेत आत शिरला तर आधी वॉचमन, मग तळमजल्यावरच्या काकू, मग जिन्यात भाजी घेऊन चढणारं कोणीतरी, अशी तीन ठिकाणी त्याची चौकशी व्हायची. गेटवर आजही आपण कुरिअरवाल्याचं नाव, नंबर, कुठल्या फ्लॅटला जायचंय ते लिहून घेतो. आणि त्याच वेळी आपला सात वर्षांचा मुलगा आतल्या खोलीत गादीवर पालथा पडून, कानाला हेडफोन लावून कोणाबरोबर गेम खेळतोय, हे घरात एकालाही माहीत नसतं.

मोबाइल देऊच नका, असं भाषण मी करणार नाही. शाळेच्या डायरीत आम्ही वर्षानुवर्षं लिहीत होतो की मोबाइल आणल्यास जप्त केला जाईल. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, आणि जूनपासून आम्हीच पालकांना फोन करकरून सांगत होतो, लिंक पाठवली आहे, मुलाच्या हातात मोबाइल द्या. शाळा पुन्हा उघडल्या, पण गृहपाठ अजून ग्रुपवरच येतो. तेव्हा फोन घरात आहे आणि राहणार आहे, हे धरूनच चालू.

आता एक प्रसंग सांगते. मुलाचं नाव, वर्ष, शाळा सांगणार नाही आणि तुम्हीही विचारू नका. चौथीतला मुलगा. एरवी इतका बडबड्या की मी त्याला मुद्दाम पहिल्या बाकावर बसवलेलं. आठ-दहा दिवस तो गप्प होता, डबा तसाच परत न्यायचा. एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी घुटमळला आणि म्हणाला, “बाई, आपला फोटो कोणाकडे गेला तर तो परत मागता येतो का?”

हळूहळू सगळं बाहेर आलं. गेममध्ये ‘एक दादा’ भेटला होता. त्याने आधी गेममधल्या वस्तू फुकट दिल्या. मग म्हणाला, इथे नको, व्हॉट्सॲपवर बोलू. मग शाळा कुठली, आई कामावरून किती वाजता येते, असं विचारलं. मग एक साधा फोटो मागितला, तो याने पाठवला. मग म्हणाला, आता शर्ट काढून फोटो पाठव, नाहीतर आधीचा फोटो तुझ्या शाळेत सगळ्यांना दाखवीन. पोराने दुसरा फोटो पाठवला नव्हता. पण दहा दिवस तो एवढासा जीव हे ओझं घेऊन शाळेत येत होता. मी विचारलं, “आईला सांगितलंस का?” तो म्हणाला, “नाही बाई. सांगितलं तर आई फोन काढून घेते.”

त्याचे आईवडील शहाणे निघाले. त्याला ओरडले नाहीत, फोन होता तसा घेऊन थेट पोलिसांकडे गेले. पण त्या पोराचं उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्याच्या परीने त्याचा हिशेब अगदी बरोबर होता. तो दादा काय करील ते नक्की नव्हतं. फोन जाणार हे मात्र नक्की होतं.

बघा ना, आपण फोन काढून घ्यायची धमकी दिवसातून किती वेळा देतो. भाजी खाल्ली नाही, फोन काढून घेईन. भावाला मारलंस, फोन काढून घेईन. शुद्धलेखनात चुका, फोन काढून घेईन. मग त्या मुलाने फोनवरच काही भयंकर पाहिलं, तर ते आपल्याला येऊन सांगेल असं आपण कुठल्या तोंडाने समजायचं? म्हणून माझं मागणं एवढंच आहे. आज घरी गेल्यावर मुलाला जवळ बसवून सांगा: फोनवर काही घाणेरडं दिसलं, कोणी घाबरवलं, तुझ्याकडून काही चुकीचं पाठवलं गेलं, आणि तू येऊन सांगितलंस, तर सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही. आणि हे पाळा. वेळ संपली की फोन ठेवायचा, त्याचे नियम वेगळे. ते कडक ठेवा, मी तुमच्या बाजूने आहे. सांगण्याची शिक्षा मात्र कधीही नको.

मूल सांगायला येईल तेव्हा आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय निघेल, ते आत्ताच ठरवून ठेवा. ऐन वेळी आपला आवाज चढतोच. “बरं झालं सांगितलंस.” बस, एवढंच म्हणायचं. “तरी मी म्हणत होते” हे वाक्य त्या दिवसापुरतं गिळायचं. आयांनो, मला माहीत आहे, हे किती अवघड आहे ते. आणि “तू असं का केलंस?” यापेक्षा “मग पुढे काय झालं?” असं विचारलं की मुलं जास्त सांगतात. हा माझा ३१ वर्षांचा अनुभव आहे.

लहान मुलांना ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ हे फोनवर लागू करता येत नाही. तीन दिवस रोज एकत्र गेम खेळला की मुलाच्या लेखी तो अनोळखी राहत नाही, मित्र होतो. त्यापेक्षा त्यांना कळेल अशी एक खूण शिकवा. जो म्हणतो ‘हे आईबाबांना सांगू नकोस’, त्याचंच सगळ्यात आधी आईबाबांना सांगायचं. मग तो गेममधला दादा असो, नाहीतर घरी येणारे कोणी काका असोत. बाबांच्या वाढदिवसाचा केक लपवून ठेवणं ही गंमत आहे, कारण ती संध्याकाळी उघड होणार असते. जे कधीच उघड करायचं नसतं ते गुपित घातक. पहिलीतल्या मुलालाही हा फरक समजतो, मी समजावून पाहिला आहे.

आता आजी-आजोबांकडे वळते. रागावू नका, मीही तुमच्याच पंगतीतली. घरात आईचा फोन बंदोबस्तात असतो. बाबांचा ऑफिसचा म्हणून हाताला लागत नाही. उरतो तो आजोबांचा. त्याला लॉक नसतं, किंवा असलं तर पिन म्हणजे आजोबांचं जन्मसाल. बँकेचे मेसेज त्याच फोनवर येतात, आजीला चष्मा सापडत नाही म्हणून ओटीपी नातूच वाचून दाखवतो, आणि यूपीआयचा पिन तर त्याने बोटांच्या हालचालीवरून कधीच पाठ केलेला असतो. तो चोरी करत नाही हो. गेममध्ये हिऱ्याच्या चित्रावर बोट ठेवलं की हिरा मिळतो, एवढंच त्याला दिसतं. तो हिरा आजोबांच्या पेन्शनमधून येतोय हे त्याला दिसत नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारायची सोय आहे, ती चालू करून घ्या. फोन नातवाच्या हातात देताना एकच ॲप उघडं राहील आणि बाकीचं बंद, असंही करता येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

आणखी एक गोष्ट, जी पालक स्वतःच करतात. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांच्या नियमाप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलाला खातं उघडता येत नाही. हा १३ चा आकडा अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यातून आला. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलं आहे आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल असं म्हटलं आहे. आणि आपण काय करतो? तिसरीतली मुलगी हट्ट धरते म्हणून जन्मसाल मागे ढकलून खातं काढून देतो. त्या क्षणापासून त्या कंपनीच्या लेखी ती नऊ वर्षांची मुलगी २० वर्षांची बाई होते. मग मोठ्यांच्या जाहिराती, मोठ्यांचे व्हिडिओ, कोणाचेही मेसेज, सगळं तिच्यापुढे येतं. लहान मुलांसाठी केलेले अडसर तिच्यासाठी आपणच काढलेले असतात.

किती वेळ द्यायचा, हे सगळे विचारतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, दोन वर्षांखाली अजिबात नाही, पाच वर्षांपर्यंत फार तर एक तास आणि पाच ते दहा वयाला दिवसाला दोन तासांपेक्षा कमी, असं सांगितलेलं आहे. माझं लक्ष तासांपेक्षा दोन वेळांवर असतं: जेवताना आणि झोपताना. रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, त्यात बाबांचाही. बाबांचा उशाशी असेल तर पुढचं बोलणंच खुंटलं. आणि एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो ना, ते बंद करा. मूल जे आधी बघतं तसलंच पुढे येत राहतं, थोडं जास्त भडक, थोडं जास्त आरडाओरड्याचं. सहा वर्षांच्या मुलाला ‘आता पुरे’ कुठे म्हणायचं ते कळत नाही. आपल्याला तरी कुठे कळतं!

इथे कमिटीला दोन शब्द बोलते, स्टेजवर बसलेच आहेत म्हणून. २५ वर्षांपूर्वी आपल्या आवारात लगोरी, डबाऐसपैस, क्रिकेट सगळं चालायचं. आज तिथे गाड्या आहेत आणि भिंतीवर पाटी आहे, ‘येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे’. गाड्यांच्या काचा महाग आहेत, मान्य. पण संध्याकाळी मुलाला खाली जायला जागा नसेल तर ते वर काय करणार? उजेडात, मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांना लहानपणी चष्मा लागण्याचा संभव कमी होतो, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. रोज संध्याकाळी ५ ते ७ मागच्या बाजूच्या सहा गाड्या दुसरीकडे लावता येतील का, हा विषय मी पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी लेखी देणार आहे. टाळ्या नकोत, सभेला या आणि हात वर करा.

दुसरं, आपला व्हॉट्सॲप ग्रुप. वेशभूषा स्पर्धेचे फोटो टाकले, छानच. पण खाली मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, शाळा, विंग आणि फ्लॅट नंबर कशाला? ग्रुपवर किती माणसं आहेत आणि त्यांतली किती घर सोडून गेलेली आहेत, हे सेक्रेटरींनाही आठवत नसेल. फोटो टाका, बक्षीस सांगा, पत्ता नको. आणि ज्या आईने सांगितलं की माझ्या मुलीचा फोटो नको, तिला ‘एवढं काय त्यात’ असं ऐकवू नका.

इतकं करूनही काही घडलंच तर काय करायचं, ते थोडक्यात सांगते. समोरच्याला ब्लॉक करा, पण बोलणं पुसू नका. नाव, नंबर, वेळ दिसू दे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे मध्येच अडण्याची शक्यता जास्त. मुलाला कोणी घाणेरडं बोललं, फोटो मागितला, तर पोलीस स्टेशनला जा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. २०१२ च्या पोक्सो कायद्यात फोनवरून, इंटरनेटवरून मुलाच्या मागे लागणंही येतं, आणि असा गुन्हा कळूनही न कळवणं हासुद्धा गुन्हा धरला आहे. तसलं एखादं चित्र हाती आलं तर ‘बघा काय चाललंय’ म्हणून ग्रुपवर पाठवू नका. पाठवणारा स्वतः कायद्यात अडकतो, आणि त्या मुलाची शोभा होते ती वेगळी. फोनच नेऊन पोलिसांना दाखवा.

आणि मुलांसाठी १०९८. ही चाइल्डलाइन १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. मुलांना हा नंबर ‘दहा-नऊ-आठ’ असा उलटे आकडे मोजून पाठ करायला सांगा, दोन मिनिटांत होतो. घरात आईबाबांना सांगता येत नाही असंही काही असतं, तेव्हा हा नंबर त्यांच्याजवळ असू दे.

माझी २० मिनिटं संपली, सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत. येत्या गुरुवारपासून चार गुरुवार, संध्याकाळी ४ ते ५, मी इथेच सभागृहात टेबल टाकून बसणार आहे. सी विंगमधली आपली कॉलेजची दोन मुलं मदतीला आहेत. गेममधलं चॅट बंद करायचं असेल, प्ले स्टोअरला पासवर्ड लावायचा असेल, आपोआप चालणारे व्हिडिओ थांबवायचे असतील, तर फोन घेऊन या. येताना आपला ईमेलचा पासवर्ड आठवून या, नाहीतर अर्धा तास त्यातच जातो. आणि मुलाला बरोबर आणा. त्याच्या पाठीमागे काही करायचं नाही. काय बंद करतोय आणि का, ते त्याच्यासमोर बोलून करू. आजोबांनी चार्जर आणू नये, इथला पॉइंट बिघडलेला आहे.