पानिपतच्या संग्रहालयात काय पाहावे?

(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



मराठी भाषेत एका गावाचे नाव क्रियापदाला जोडले गेले आहे. एखाद्याचा धंदा बुडाला, निवडणुकीत धुव्वा उडाला, परीक्षेत दांडी गुल झाली, की त्याचे 'पानिपत झाले' असे म्हणतात. विश्वास कोठे गेला, असे विचारल्यावर तो पानिपतात गेला, असे उत्तर देणारी माणसे अजून आहेत. पुण्यासाताऱ्याकडच्या मुलाला हे गाव वाक्प्रचारातूनच भेटते. दिल्लीतील मराठी मुलाचे तसे नाही. त्याच्यासाठी पानिपत हे करनालच्या वाटेवरचे, सुमारे नव्वद किलोमीटरवरचे, ब्लँकेटांचे आणि लोणच्यांचे गाव आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतके ते जवळ आहे. शाळेच्या हीरक महोत्सवात एखाद्या संग्रहालयाविषयी बोलायचे, तर ते पानिपतचेच असावे, हे या जवळिकीमुळे योग्य ठरते.

हे संग्रहालय हरियाणात, पानिपतच्या तिन्ही लढायांची माहिती लोकांपुढे ठेवण्याच्या हेतूने उभे राहिले. २१ एप्रिल १५२६ रोजी बाबर आणि इब्राहिम लोदी, ५ नोव्हेंबर १५५६ रोजी अकबराचे सैन्य आणि हेमू, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी अहमदशहा अब्दाली आणि सदाशिवरावभाऊ, असे तीन वेळा या मैदानावर दिल्लीचे भवितव्य ठरले. परंतु संग्रहालयात लढायांपूर्वीचीही दालने आहेत. हरियाणातील प्राचीन स्थळांवर सापडलेली खापरे आणि मूर्ती, जुनी शस्त्रे व चिलखते, कागदपत्रे, दागिने, ग्रामीण जीवनातील कारागिरीच्या वस्तू तेथे मांडल्या आहेत. पुष्कळसे पाहुणे या खापरांपुढून घाईने पुढे सरकतात. वास्तविक तेथेच थोडे थांबले पाहिजे. कारण ती खापरे सांगतात, की हा प्रदेश म्हणजे कोणाच्या तरी लढाईसाठी मोकळे ठेवलेले मैदान नव्हते. तेथे शेते होती, विहिरी होत्या, चुली होत्या. दक्षिणेकडून आणि वायव्येकडून आलेल्या दोन प्रचंड फौजा अडीच महिने तेथे तळ देऊन बसल्या, तेव्हा दाणावैरण संपली ती या गावांतली. मराठी पुस्तकांत ही बाजू क्वचितच येते. पानिपतचे संग्रहालय ती न बोलता दाखवते.

लढायांच्या दालनात गेल्यावर जाणत्या पाहुण्याला एक गोष्ट खटकते. नकाशे आहेत, लिखित फलक आहेत, छायाचित्रे आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील आणि लंडनच्या संग्रहांतील लघुचित्रांच्या मोठ्या केलेल्या प्रती आहेत. मात्र ज्यांच्यासाठी मराठी माणूस तेथे जातो, त्या भाऊंच्या फौजेच्या हाताळलेल्या वस्तू मोजक्याही डोळ्यांत भरत नाहीत. यात संग्रहालयाचा दोष नाही. पराभूताची छावणी लुटली जाते. सोन्याचांदीचे नाणे होते, लोखंडाचे फाळ होतात, तंबूचे कापड फाटून जाते. भाऊंनीही ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली घेतल्यावर फौजेच्या खर्चासाठी लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडले होते. आज त्या दालनात उभे राहून वर पाहणाऱ्या मुलाला हेही सांगितले पाहिजे. युद्धाला वस्तूंची दया येत नाही, मग वस्तू कोणाचीही असो.

वस्तू नाहीत, तर १७६१ ची हकीकत कळते कशावरून? या प्रश्नाचे उत्तर शोधताना संग्रह म्हणजे काय, ते खऱ्या अर्थाने समजते.

या लढाईचे एक प्रसिद्ध चित्र फैजाबाद शैलीतील आहे. सुमारे १७७० मध्ये काढलेले ते चित्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. फैजाबाद हे अवधच्या नवाबाचे ठाणे होते आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला लढाईत अब्दालीच्या बाजूला होता. म्हणजे चित्र जिंकणाऱ्यांच्या घरात रंगले. लढाईचा सर्वांत तपशीलवार मानला जाणारा वृत्तान्तही तेथलाच. तो लिहिणारा काशीराज पंडित हा मूळचा दक्षिणी ब्राह्मण, शुजाउद्दौलाच्या नोकरीत. लढाईच्या दिवशी तो शत्रूच्या छावणीत होता आणि सुमारे वीस वर्षांनी, १७८० मध्ये, त्याने फारसीत आठवणी लिहिल्या. विश्वासराव आणि भाऊ यांच्या देहांवर अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून शुजाच्या गोटातूनच खटपट झाली, हे त्याच्या लेखनावरून कळते. इकडे मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत भाऊंशी इमान राखून मेला. उरलेल्या लोकांना भरतपूरच्या सूरजमल जाटाने अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. लढाईच्या आधी हाच सूरजमल भाऊंपासून दूर झाला होता. 'आपले' आणि 'परके' अशा दोन रकान्यांत ही माणसे बसत नाहीत.

दुसऱ्या बाजूचा पुरावा कागदांचा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे थेट पानिपतपर्यंतची पत्रे होती. ती वाईला एका घरात मिळाली. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ कोणीतरी ती रुमालात बांधून, उंदीर-वाळवीपासून सांभाळून ठेवली होती. रसद कमी पडते आहे, पैसा पाठवा, अशी भाऊंची निकड ज्या पत्रांतून आज समजते, ती पत्रे बंबात गेली असती, तर मराठ्यांच्या बाजूने बोलायला बखरीखेरीज फारसे काही उरले नसते. बखरी नंतरच्या, रंगवलेल्या. पत्रे त्या त्या दिवसाची. लढाईत हजर असलेले नाना फडणीस तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांनी स्वतःची हकीकत लिहून ठेवली म्हणून त्या पळापळीत आईची ताटातूट झालेल्या मुलाचे दुःख आजच्या वाचकापर्यंत पोचते. त्र्यं. शं. शेजवलकरांसारख्या इतिहासकाराला पानिपतचा नव्याने विचार करता आला, तो अशा कागदांच्या आधारावर.

शहरापासून काही किलोमीटरवर काला अंब आहे. तेथील आम्रवृक्ष रक्ताने काळा पडला, अशी लोककथा आहे. झाड कधीच गेले. त्याच्या लाकडाचे दरवाजे झाले, असे सांगतात. आज त्या जागी स्मारकस्तंभ आहे आणि दर वर्षी १४ जानेवारीला तेथे माणसे जमतात. शके १६८२ मधील पौष शुद्ध अष्टमीचा तो बुधवार. झाड काळे पडले की नाही, याचा पुरावा मागण्याचे ते ठिकाण नाही. पण लोककथा ही लोककथा म्हणून ऐकावी आणि पत्र हे पत्र म्हणून वाचावे, एवढा फरक मुलांना शिकवावा. संग्रहालयाची सहल त्यासाठी असते.

खरे तर दिल्लीतील मराठी मुलाला पानिपतपर्यंतही जावे लागत नाही. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे यमुनेच्या ज्या घाटावर पडले, ती बुराडी आज दिल्लीच्या वस्तीत मिसळून गेली आहे. मार्च १७३७ मध्ये पहिले बाजीराव दिल्लीवर चालून आले, तेव्हाची चकमक तालकटोऱ्याच्या परिसरात झाली. अब्दालीने यमुना ओलांडली ती बागपतजवळ. ११ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या फौजेचा जनरल लेकने पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली, त्या लढाईचा स्तंभ नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात उभा आहे. ही सगळी नावे मुलांच्या कानांवर रोज पडतात, ती बसच्या पाटीवर, बातम्यांत किंवा मेट्रोच्या घोषणेत. त्यांच्यामागची गोष्ट सांगणारे कोणी नसेल, तर ती फक्त थांबे राहतात.

येथवर फौजा आणि सेनापती आले. पण संग्रह करण्याजोग्या वस्तू घरातही असतात, हे मराठी माणसाला दाखवून दिले ते पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने (१८९६–१९९०) अडकित्ते, वज्री, दिवे, फण्या, दौती, स्वयंपाकघरातील भांडी, जुन्या वाड्यांचे दरवाजे गोळा केले आणि अल्पवयात गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले. पत्नी कमलाबाईंची साथ होती. सुमारे २०,००० वस्तूंचा तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या वस्तूंना कोणी इतिहास म्हणत नव्हते, त्यांतून एका समाजाचे जगणे उभे राहिले.

दिल्लीतील मराठी कुटुंबांची आता तिसरी-चौथी पिढी येथे वाढते आहे. आजोबा सरकारी नोकरीसाठी आले, ते ट्रंक आणि वळकटी घेऊन. आजीबरोबर पुरणयंत्र आले, विळी आली, पितळेचे डबे आले. त्या भांड्यांवर नावे कोरलेली असतात. कोणी, कोणाला, कोणत्या लग्नात, कोणत्या तारखेला दिले, ते सारे त्यावर असते. क्वार्टर सोडून फ्लॅटमध्ये जाताना ही भांडी मोडीत घातली जातात. कबाडी वजन करतो, नाव वाचत नाही. माळ्यावरचे मोडीतले कागद 'वाचता येत नाहीत' म्हणून रद्दीत जातात. छावणी लुटायला येथे कोणी अब्दाली येत नाही. घर आवरतानाच ती रिकामी होते.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. शाळेत एक काचेचे कपाट आणि एक जाड नोंदवही पुरेशी आहे. संग्रहालयात वस्तू येते तेव्हा आधी तिला क्रमांक मिळतो आणि नोंद होते: वस्तूचे मराठी नाव, ती कशाची आहे, कोणाच्या घरातली, कोणत्या गावाहून केव्हा दिल्लीत आली, कशासाठी वापरत आणि आज तिची अवस्था कशी आहे. नोंद नसलेली वस्तू चार वर्षांत मुकी होते. वस्तू द्यायची नसेल, तर छायाचित्र आणि नोंद द्यावी. कागद उन्हात ठेवू नयेत, फाटल्यास चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. भांडे चिंचेने घासून लखलखीत करण्याचा मोह टाळावा, कारण घासता घासता कोरलेले नाव पुसट होते. नोंदी मुलांनी लिहाव्यात आणि त्यासाठी आजी-आजोबांना प्रश्न विचारावेत. 'रोवळी', 'वज्री', 'गडू' हे शब्द त्या निमित्ताने मुलांच्या तोंडी येतील. मराठी माध्यमाच्या शाळेला यापेक्षा अधिक कामाचा भाषेचा तास सापडणे कठीण आहे.

माजी विद्यार्थ्यांकडे शाळेचेही पुष्कळ काही आहे: जुनी प्रगतिपुस्तके, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, वर्गाची छायाचित्रे. साठ वर्षांपूर्वीच्या छायाचित्रातील मुलांची नावे सांगू शकणारी माणसे आज या सभागृहात बसली आहेत. ती नावे छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवणे हे पहिले काम. पानिपतची सहल त्यानंतरच्या हिवाळ्यात ठरवावी. स्वतःच्या हाताने एक नोंद केलेला विद्यार्थी तेथल्या फलकांपुढून घाईने पुढे सरकणार नाही. हे कोणी लिहिले, कशावरून लिहिले आणि कोणी सांभाळून ठेवले, असे तो विचारील.