पहिले साठ फूट

टेबलावर तांब्या-भांडं होतं, पुष्पगुच्छ होता आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ओळीनं मांडलेल्या पाच जळक्या क्लच प्लेटी होत्या. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका वसाहतीच्या वसंत व्याख्यानमालेत आदल्या संध्याकाळी ज्ञानेश्वरीवर बोलणं झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी मधुमेहावर होणार होतं. मधलं पुष्प होतं ‘ड्रॅग रेसिंग : वेगाचं विज्ञान’. हा विषय कुणी सुचवला याची चौकशी पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांनी व्याख्यान सुरू होण्याआधीच केली होती.

अध्यक्षांनी प्रास्ताविकात बारा मिनिटं घेतली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात लावलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या रोपट्यापासून ते १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली, इथपर्यंत. वक्त्यांचा क्लच प्लेटींना नवं लायनिंग बसवण्याचा गाळा याच वसाहतीत आहे, हे त्यांनी सर्वांत शेवटी सांगितलं. वक्ते उठले आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी छापलेला विषय बाजूला सारला. वेगाबद्दल आपल्याला फारसं काही सांगायचं नाही, ते म्हणाले. उभी गाडी हलते कशी, एवढंच सांगतो.

‘ड्रॅग रेस म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे,’ असं म्हणून ते पुढे सरकले. सभागृहाला ते ठाऊक नव्हतं. दोन गाड्या, सरळ पट्टा, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, आणि आधी कोण पोचतं, इतकाच हा खेळ. त्याचं नातं धावपट्ट्यांशी जुनं आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे १९५० मध्ये अशा शर्यती भरू लागल्या त्या विमानतळाच्या धावपट्टीवर, आणि आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीत ‘व्हॅली रन’ भरली तीही धावपट्टीवरच. तिथे परदेशी सुपरकारच्या मागोमाग ठाण्या-डोंबिवलीच्या गल्लीत दिसतात तसल्या होंडा सिटी आणि पोलोही पळतात. वक्त्यांना त्याच गाड्यांत रस होता.

त्यांचा लाडका सिद्धांत असा : शर्यतीचा निकाल पहिल्या साठ फुटांत लागतो, आणि त्या साठ फुटांत इंजिनाची ताकद दुय्यम असते. पोरं गाळ्यावर येतात, रिमॅप केलं, एअर फिल्टर बदलला, एक्झॉस्ट बदलला म्हणतात. ‘डावा पाय बदलला का?’ असं वक्ते विचारतात. टाळ्या पडल्या.

मग त्यांनी फळ्यावर आकडे मांडले. साध्या पेट्रोल सेडानला पाव मैल कापायला साडेसतरा सेकंद धरा. पहिले साठ फूट, म्हणजे सव्वाअठरा मीटर, अडीच सेकंद खातात. अंतराचा बाविसावा भाग आणि वेळेचा सातवा. ‘बावीस भागिले सात!’ तिसऱ्या रांगेतून एक निवृत्त गणिताचे मास्तर ओरडले. वक्ते क्षणभर फळ्याकडे पाहत राहिले. हे त्यांच्या आजवर लक्षात आलं नव्हतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तसं स्पष्ट दिसलं. यापुढे प्रत्येक व्याख्यानात हा ‘पाय’ (π) येणार, यात शंका नाही. साठ फुटांत दशांश सेकंद वाचवला, तर शेवटाला दीड ते दोन दशांश हाती लागतात, हा या खेळातला जुना ठोकताळाही त्यांनी सांगितला. सुरुवातीला कमावलेला वेग पुढचं सगळं अंतर सोबत राहतो, म्हणून.

आता खरं तर क्लच कसा सोडायचा ते यायला हवं होतं. आली ती पद्मिनी.

वक्ते गाडी शिकले एका टॅक्सीवाल्याकडे, उपवनच्या पुढे येऊरच्या चढावर. पद्मिनीचा गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि गाडी मागच्या चाकांवर चालणारी. गुरुजी चढावर गाडी थांबवायचे, उतरून मागच्या चाकाला टेकवून काडेपेटी ठेवायचे आणि म्हणायचे, घे वर. गाडी बोटभर मागे सरकली की काडेपेटी चिरडली. चिरडलेल्या काडेपेटीचे पैसे शिष्यानं द्यायचे, आणि गुरुजींना विडीसाठी त्याच पेटीतल्या वाचलेल्या काड्या निवडून द्यायच्या. पहिल्या आठवड्यात किती काडेपेट्या गेल्या याचा हिशेब वक्त्यांनी दोनदा सांगितला. दुसऱ्या वेळी आकडा वाढला होता. पुढे पद्मिनी बनवणारी प्रीमियर कंपनी आली. कुर्ल्याचा कारखाना आला. कल्याण-शीळ रस्त्यावरचा कारखाना आणि नव्वदच्या दशकात तिथे बनलेली पेजो ३०९ही आली. डोंबिवलीहून आलेल्या दोघांनी ‘आमचे वडील तिथेच होते’ म्हणून हात वर केले आणि पाच मिनिटं व्याख्यान तेच चालवू लागले. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली, तेव्हा आपण गाळा अर्धा दिवस बंद ठेवला, हे सांगताना वक्त्यांचा आवाज जरा बसला.

या विषयांतरातून हाती काय लागलं? बरंच. गाडी झटक्यात पुढे निघाली की वजन मागे झुकतं. हजार किलोची गाडी, चाकांतलं अंतर अडीच मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, आणि रेटा गुरुत्वाच्या निम्मा, असं धरलं तर शंभर किलो भार पुढच्या चाकांवरून मागच्यांवर जातो. पद्मिनीची मागची चाकं त्यानं उलट घट्ट चिकटतात. सिटी किंवा पोलो ओढतात पुढची चाकं, आणि ऐन गरजेच्या क्षणी तीच हलकी होतात. मग रेस वाढवून क्लच धाडकन सोडला की टायर जागेवर फिरतात, धूर निघतो, मोबाइलवर व्हिडिओ छान येतो आणि शेजारची गाडी पुढे निघून जाते.

प्लेटी या वेळेपर्यंत रांगांतून फिरू लागल्या होत्या. या भागात मात्र वक्त्यांचा हात धरणारं कुणी नसावं. आलेली प्लेट पाहून ते चालवणाऱ्याचा स्वभाव सांगतात. लायनिंग काचेसारखं गुळगुळीत झालेलं आणि प्रेशर प्लेटवर निळसर डाग, म्हणजे हा माणूस क्लच घासत बसतो. मधल्या स्प्रिंगा तुटलेल्या, म्हणजे हा पाय झटक्यात काढतो. त्या स्प्रिंगा झटका पचवण्यासाठीच बसवलेल्या असतात. त्या गेल्या की पुढचा नंबर ड्राइव्ह शाफ्टचा. इंजिनाचे फेरे साडेतीन हजारांवर धरून हजार किलोची गाडी ताशी २७ किलोमीटरपर्यंत क्लच घासत नेली, तर गाडीला जितकी ऊर्जा मिळते तितकीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. एक कटिंग चहाचं पाणी उकळेल इतकी, आणि तीही दीड सेकंदात. पाठोपाठ चार वेळा सुटलात तर चार कटिंग. आणि प्लेटला थंड व्हायला टपरीवरचं बाकडं मिळत नाही.

इथे मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. रात्री एक वाजता घोडबंदर रोडवर जे चालतं ते तुम्हीच शिकवता का, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. सभागृह एकदम गप्प झालं. वक्ते दुखावले. आपण धावपट्टीवरच्या, हेल्मेट आणि रुग्णवाहिका असलेल्या शर्यतीबद्दल बोलतोय, असं त्यांनी आधी जरा चढ्या आवाजात आणि मग पुन्हा हळू आवाजात सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ त्यांना पाठ होतं : सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाई बसल्या, पण समाधान झाल्यासारख्या दिसल्या नाहीत. त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. वर्षातून एखाद-दोनदा मिळणारी धावपट्टी आणि रोज रात्री मोकळा पडणारा हायवे यांतलं अंतर वक्त्यांनी भरून काढलं नाही.

तेवढ्यात चिठ्ठी आली : ‘५ मि.’

आणि मग पाऊण तास रखडलेला मूळ विषय पाच मिनिटांत धावू लागला. एसी बंद. ट्रॅक्शन कंट्रोल बंद. ओढणाऱ्या चाकांतली हवा थोडी कमी. दिव्यांच्या खांबासमोर गाडी इंचाइंचानं पुढे घ्यायची. पट्ट्यावरचा पहिला प्रकाशकिरण चाकानं तुटला की वरचा छोटा दिवा, दुसरा तुटला की खालचा, तिथे थांबायचं. पहिला गियर टाकलेला, फेरे तीन हजारांच्या आसपास स्थिर. कमी ठेवले तर गाडी गुदमरते, जास्त ठेवले तर टायर फिरतात. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं लागतात. हिरव्याची वाट पाहणारा हरला; शेवटचा पिवळा दिसताच पाय हलवायचा. (लाल लागला तर? ‘तर घरी,’ वक्ते म्हणाले.) क्लच पकडतो त्या जागेपर्यंत पाय पटकन यायचा, तिथे क्षणभर रेंगाळायचा, आणि गाडी सुटली की उरलेला पाय सोडत सोडत ॲक्सिलरेटर दाबायचा. टायर किंचित घसरायला हवा, दहा-पंधरा टक्के. पूर्ण फिरला तर पकड जाते. हे सांगताना त्यांचा डावा पाय टेबलाखाली खरोखर हलत होता आणि पुढच्या रांगेला तो दिसत होता.

एका मुलानं विचारलं, ऑटोमॅटिक गाड्यांत लाँच कंट्रोल आलंय, हे सगळं संगणक करतो, मग पायाचं काय? वक्त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि प्रश्न चांगला असल्याचं सांगितलं. ‘दुसऱ्या गियरचं राहिलंच,’ एवढं ते म्हणेपर्यंत आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

प्लेटी गोळा करताना एक कमी भरली. ती पहिल्या रांगेत सापडली, विषय कुणी सुचवला हे विचारणाऱ्या काकांच्या हातात. ते ती नाकाशी धरून हुंगत होते. आमच्या गाडीला सावरकर नगरच्या चढावर असाच वास येतो, ते म्हणाले. पाय क्लचवर ठेवूनच चालवता का, असं वक्त्यांनी विचारलं. काकांनी काकूंकडे पाहिलं.

‘ठेवतात,’ काकू म्हणाल्या.