अखेरच्या आजारातील निर्णय



श्रीपूरच्या एखाद्या घरातील वृद्ध व्यक्ती अत्यवस्थ झाली की तिला अकलूज, पंढरपूर किंवा सोलापूरला हलविण्याची धावपळ सुरू होते. श्वसनयंत्र लावावे की नाही, हा प्रश्न नातेवाइकांपुढे अतिदक्षता विभागाच्या दारातच उभा राहतो. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसतो आणि मुलांचे एकमत होत नाही. हा विचार वेळीच व्हावा, यातच सर्वांचे हित आहे.

मोठ्या रुग्णालयांत शीघ्र प्रतिसाद पथके असतात. सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९० मध्ये या पद्धतीचा आरंभ झाला. नाडी, श्वास, रक्तदाब वा शुद्ध यांत बिघाड दिसताच परिचारिका बोलावणे धाडते आणि हृदय बंद पडण्यापूर्वीच तज्ज्ञ खाटेपाशी पोहोचतात. परंतु काही रुग्ण आयुष्याच्या अखेरीस आलेले असतात. रुग्णाची इच्छा ठाऊक नसेल, तर पथकाला काही मिनिटांतच सर्व उपाय योजावे लागतात. त्यातून कधी आयुष्याऐवजी केवळ यातना लांबतात.

महाराष्ट्राला हा प्रश्न अरुणा शानभाग यांच्यामुळे परिचित आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांचे अन्न थांबविण्याची विनंती सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी अमान्य केली. मात्र विशिष्ट परिस्थितीत जीवनरक्षक उपचार थांबविण्यास त्याच निर्णयाने वाट करून दिली.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात अंतर्भूत असल्याचा निर्णय झाला. २४ जानेवारी २०२३ रोजी कार्यपद्धती सुलभ करण्यात आली. त्यानुसार कोणाही सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीला आपले वैद्यकीय इच्छापत्र करता येते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन लागते. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या आप्ताचे नाव त्यात नमूद करावयाचे असते. त्याची प्रत स्थानिक संस्थेकडे द्यावयाची असते. श्रीपूरकरांसाठी ती संस्था म्हणजे महाळुंग-श्रीपूर नगरपंचायत.

या इच्छापत्राचा दुरुपयोग होण्याची भीती अनेकांना वाटते. म्हणूनच रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ व जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेल्या डॉक्टरसह दुय्यम मंडळ, अशा दोहोंची संमती आवश्यक ठरविण्यात आली आहे. अंमलबजावणीपूर्वी दंडाधिकाऱ्यांनाही कळवावे लागते. विष टोचून मृत्यू घडविणे हा मात्र गुन्हाच आहे.

निरर्थक उपचार थांबले तरी शुश्रूषा थांबत नाही. वेदना शमविणे, तोंड ओले ठेवणे, कूस बदलणे आणि आप्तांना जवळ बसू देणे, हे अखेरच्या क्षणापर्यंत चालूच राहावे. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांची इच्छा विचारणे अशुभ नव्हे. ते धडधाकट असतानाच हा विषय निघाला, तर मुलांवरील भार हलका होईल आणि वडीलधाऱ्यांचा शब्दही राखला जाईल.