शालीवरचा शिक्का

मराठी घरात शाल ही केवळ थंडीची सोय नव्हे. विद्वानाचा सत्कार शाल-श्रीफळाने होतो. आणि गोड शब्दांत एखाद्याचा पाणउतारा केला, तर त्यालाही ‘शालजोडीतले देणे’ असेच म्हणतात. मानाच्या वस्त्राआड मार दडलेला असावा, ही कल्पना भाषेला विनोदाने सुचली. काश्मीरच्या विणकरांच्या वाट्याला मात्र ती अक्षरशः आली.

लडाख व पश्चिम तिबेट यांच्या उंच पठारांवरील बकऱ्यांना हिवाळ्यात राठ केसांखाली जी मऊ लव येते, ती म्हणजे पश्म. ती श्रीनगरात येई, स्त्रिया ती चरख्यावर कातीत आणि नक्काश नक्षी रेखाटी. कोणत्या रंगाचे किती धागे घ्यावयाचे, हे सांगणाऱ्या सांकेतिक लिपीस ‘तालीम’ म्हणत. तिच्या आधारे शालबाफ लहान लाकडी काड्यांनी एकेक रंग भरीत. भरगच्च कानी शाल पुरी होण्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहूनही अधिक काळ लागे.

एकोणिसाव्या शतकात या शालींनी युरोपास वेड लावले. नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिला त्यांचा मोठा षोक होता. पुढे फ्रेंच व्यापाऱ्यांचे अडते श्रीनगरात राहून पॅरिसच्या आवडीनिवडी नक्काशांना सांगू लागले. 1846 च्या अमृतसर तहान्वये गुलाबसिंगांनी इंग्रजांना प्रतिवर्षी द्यावयाच्या नजराण्यातही शालींच्या तीन जोड्यांचा समावेश होता.

अशा मालावर राज्यकर्त्यांची दृष्टी न पडती तरच नवल! कच्च्या लोकरीवर वाटेत जकात होतीच. शिवाय ‘दाग-शाल’ नावाचे खाते तयार शालीची किंमत ठरवून तिच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका कर घेई व मगच तिच्यावर शिक्का उमटवी. दाग म्हणजे हाच शिक्का.

वरवर पाहता हा श्रीमंतांच्या चैनीवरील कर होता. वस्तुतः तो पडे विणकरावर. कर कोणाच्या नावे लावला आहे, याहून तो कोणास चुकविता येत नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. किंमत चढली, तर युरोपातील गिऱ्हाइकास स्कॉटलंडमधील पेझ्ली येथील मागावर विणलेली शाल स्वस्तात मिळे. कारखानदार आपला भार मजुरीतून वळता करून घेई. शालबाफाला मात्र धंदा सोडण्याची वा दरी सोडून जाण्याची मोकळीक नव्हती. ज्याला पळवाट नाही, त्याच्याच गळ्यात अखेर कराचे जोखड पडते.

29 एप्रिल 1865 रोजी श्रीनगरातील झालडगर येथे शालबाफांनी निदर्शने केली. फौज चालून आली. जमाव मागे रेटला गेला आणि कित्येकजण पाण्यात पडून बुडाले. मृतांची संख्या 28 सांगितली जाते. पुढे 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर फ्रान्सची बाजारपेठ बसली आणि 1877 ते 1879 च्या दुष्काळाने उरल्यासुरल्या विणकरांची दैना केली.

आज शिक्क्याचा अर्थ पालटला आहे. 2008 मध्ये काश्मीर पश्मिन्याला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. आता लोकर बारीक आहे की नाही, सूत हाताने कातले व वस्त्र हातमागावर विणले की नाही, हे तपासून शालीवर खूण लावतात. पूर्वीचा शिक्का विणकराकडून वसुली करी. आजचा यंत्रावरील नकलेपासून त्याचे रक्षण करण्यासाठी आहे. 2017 पासून लागू झालेला वस्तू व सेवा करही पावतीवर निराळा दाखविला जातो आणि तो भरतो तो गिऱ्हाईक.

तथापि खूण न पाहता व पावती न घेता ‘अस्सल पश्मिना’ स्वस्तात पदरात पाडून घेणारा गिऱ्हाईक बहुधा यंत्राचेच कापड घरी आणतो. त्याने वाचविलेले चार पैसे कोठून येतात? ते येतात चरख्यावर बसलेल्या त्या स्त्रीच्या मजुरीतून. दाग-शाल खाते केव्हाच बुडाले. त्याचा हिशेब मात्र अशा प्रत्येक खरेदीत पुन्हा उघडला जातो.