ठिपका भलत्याच गावात

सह्याद्रीतल्या दुर्मीळ कंदीलपुष्पाचं ठिकाण आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळाच्या नकाशावर शोधलंत, तर ठिपका भलत्याच गावात दिसू शकतो. ही चूक नव्हे. धोक्यातल्या प्रजातीची जागा तिथं मुद्दाम ०.२ अंशांच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या चौकटीत कुठंही दाखवतात. कारण आहे. १९९९ साली चीनमधल्या एका पालीचं वर्णन ठिकाणासह प्रसिद्ध झालं आणि तिचा व्यापार करणाऱ्यांनी ती तिथून संपवलीच!

अभ्यासाला अचूक जागा हवी असेल, तर नोंद करणाऱ्यालाच लिहावं: काम कोणतं, माहिती कोण पाहणार, किती काटेकोर हवी. तालुक्यावर भागत असेल तर कड्यापर्यंतचा पत्ता मागूच नये. ‘नुसता फोटो काढायचाय’ हे कारण मला तरी पुरेसं वाटत नाही.