एका बांधावरील पांच प्राणी

आषाढांत रिसोडच्या एखाद्या काळ्या शिवारांत उभे राहिल्यास एकाच बांधावर गांडूळ, नाकतोडा, बेडूक, साळुंकी आणि मनुष्य असे पांच प्राणी सहज आढळतील. प्राणवायु सर्वांसच हवा. परंतु तो आंत घेण्याची सोय प्रत्येकाची निराळी.

गांडुळास फुप्फुस नाहीं, कल्लेही नाहींत. ओली त्वचा हेंच त्याचें नाक. ती वाळली कीं तें गुदमरतें. नाकतोड्याची व्यवस्था याहून चमत्कारिक. त्याच्या दोन्ही कुशींस मिळून श्वासरंध्रांच्या दहा जोड्या असतात व तेथून निघालेल्या सूक्ष्म नळ्या हवा थेट पेशींपर्यंत पोंचवितात. म्हणून प्राणवायु वाहण्याचें काम त्याच्या रक्तास करावेंच लागत नाहीं. बेडकास छाती फुगवितां येत नाहीं. तो घसा खालवर करून हवा जणूं गिळतो आणि उणें पडेल तें त्वचेनें भरून काढतो. साळुंकीचें फुप्फुस लहान, पण त्यास जोडलेल्या वायुकोशांमुळें हवा त्यांतून एकाच दिशेनें वाहते. आपलें फुप्फुस लोहाराच्या भात्यासारखें, आंतबाहेर एकच वाट. येथें साळुंकी आपल्याहून सरस, हें कबूल केलें पाहिजे.

इतका भेद असूनही मज्जातंतूंची एक यंत्रणा सर्वांत समान आहे. संदेश पुढें नेण्यासाठीं तंतूच्या टोकांतून एक द्रव्य झिरपतें आणि काम होतांच दुसरें द्रव्य त्याचा नाश करितें. कपाशीवर फवारलीं जाणारीं ऑर्गनोफॉस्फेट वर्गांतील विषें हें दुसरें द्रव्यच निकामी करितात. मग संदेश थांबतच नाहीं. कीटक तडफडून मरतो, माणसाचे श्वासाचे स्नायु थकून बंद पडतात. आणि आंत शिरण्यास त्या विषास नाकच लागतें असें नाहीं. बेडकाप्रमाणें मजुराची त्वचाही त्यास वाट देते.

२०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करणारे सुमारें वीस शेतकरी व मजूर विषबाधेनें दगावले. फवारलेल्या औषधांत या वर्गांतील विषेंही होतीं. कपाशी पुरुषभर वाढलेली, फवारा तोंडावर येणारा, अंगावर संरक्षक कपडे नाहींत.

आपणांपैकीं अनेकांची शेती गांवीं दुसऱ्याच्या हातीं असेल. त्या हातांस मोजे, तोंडास फडकें, अंगास पूर्ण बाह्यांचा सदरा आणि फवारणीनंतर साबण मिळतो कीं नाहीं, हें एकदां पाहून यावें. भिजलेला सदरा तत्काळ उतरविला पाहिजे. लाळ गळूं लागली, घाम सुटला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोंकाएवढ्या झाल्या, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें आणि औषधाची बाटली बरोबर न्यावी; ॲट्रोपीन वेळेवर टोचल्यास प्राण वांचूं शकतात.