गाडी घसरली की सांधा बदलला?

(लिंबागणेश, ता. जि. बीड येथे ऊसतोड कामगार बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



मघाशी चहाच्या वेळी एका मुलीशी बोलत होते. दहावीला चांगले मार्क पडले, अकरावीला नाव घातलं आणि दिवाळीनंतर कॉलेज सुटलं. का सुटलं, असं विचारलं तर म्हणाली, "ताई, माझं करिअर डिरेल झालं." शेजारी तिची आई होती. ती मला हळूच म्हणाली, "डिरेल म्हंजी काय वो?" मी सांगितलं, आगगाडी रुळावरून घसरणं. तर ती म्हणाली, "अवो, आमच्या बीडला कालपरवापर्यंत रेल्वेच कुठं व्हती?"

आम्ही तिघी हसलो. पण आईचं बरोबर आहे. परळीला रेल्वे जुनी आहे. बीडकडे येणारा अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, बीड, परळी हा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला आणि बीडच्या स्टेशनातून पहिली प्रवासी गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं लागली. गाडी येण्याच्या कितीतरी आधी गाडी घसरण्याचा शब्द मात्र गावात येऊन बसला.

तुम्ही म्हणाल, उचल, पाणी, रेशन सोडून ही बाई शब्दांचं काय घेऊन बसली. पण जरा ऐका. आपलं ठरलेलं मोडतं तेव्हा ते सांगायला हल्ली इंग्रजी शब्द आपसूक तोंडात येतात. बेत कॅन्सल झाला. डोकं डिस्टर्ब झालं. पोरगी अपसेट आहे. शिक्षणात गॅप पडला. शाळेच्या कागदावर मुलीच्या नावापुढे लिहिलेलं असतं, ड्रॉपआउट. या सगळ्या शब्दांत एक गोष्ट सारखी आहे. झालं काय ते कळतं. केलं कोणी ते कळत नाही.

यात सगळा दोष इंग्रजीचा नाही. आपणही म्हणतोच की, शाळा सुटली, लग्न ठरलं, घडी विस्कटली, नशीब फिरलं. शाळा काय आपोआप सुटते? दावं सोडल्याशिवाय गाय तरी सुटते का? पण इंग्रजी शब्द आला की तो साहेबाच्या तोंडचा वाटतो. त्याला उलटून विचारायची आपल्याला भीती वाटते. म्हणून आज आपण हे शब्द जरा उसवून बघू.

कॅन्सल घ्या. लॅटिन भाषेत हा शब्द जाळीवरून आला. लिहिलेल्या मजकुरावर उभ्याआडव्या रेघा मारल्या की जाळीसारखं दिसतं, म्हणून कॅन्सल. म्हणजे तिथे रेघ मारणारा हात होता, आणि त्या हातात लेखणी होती.

दुसरा शब्द डॉक्टरांकडचा. तापात माणूस बरळायला लागला की ते डिलिरियम म्हणतात. या शब्दाच्या पोटात आहे लिरा, म्हणजे नांगराचं तास. तास सोडून नांगर भलतीकडे गेला, तसं माणसाचं भान गेलं. हा तर आपल्याच शिवारातला शब्द निघाला! आणि तास सोडून नांगर गेला तर आपण आधी काय विचारतो? रुमणं कोणाच्या हातात होतं?

तिसरा शब्द बाईसाठीच केलेला आहे. हिस्टेरिया. बाई ओरडली, रडली, झटके आले, ऐकेनाशी झाली की हिस्टेरिया. ग्रीक भाषेत गर्भाशयाला जो शब्द आहे, त्यातून हा आला. त्या काळी काही वैद्य मानायचे की गर्भाशय जागा सोडून शरीरात भटकतं आणि म्हणून बाई बिघडते. अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांनी १९८० साली आपल्या अधिकृत यादीतून या नावाचा आजार काढून टाकला. पण त्याच मुळातून निघालेला दुसरा शब्द आपल्या जिल्ह्यात घरोघरी पोचला. हिस्टरेक्टमी. आपल्या भाषेत, पिशवी काढली.

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तिच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहाजणींत एक. कागदावर ऑपरेशनचं नाव आलं. पण पाळीच्या दिवसांत फडात बसायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, एक दिवस राहिलं तर खाडा पडतो आणि तो पैसा कापला जातो, जोडीने घेतलेली उचल डोक्यावर आहे, आणि पोटात दुखतं म्हणून गेलं तर पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली जाते. हे त्या शब्दात कुठे आलं? कुणाला खरोखरच आजारासाठी ऑपरेशन करावं लागतं, ते नाकारायचं नाही. पण सहाजणींत एक हा काही नुसता आजार नव्हे.

आता पुन्हा त्या मुलीकडे येते. मी तिला म्हटलं, डिरेल हा शब्द बाजूला ठेव आणि वाक्य पुन्हा सांग. कोणी, काय, कधी केलं. ती गप्प झाली. बोलली तिची आई. "मीच नेली तिला. धाकटं दीड वर्साचं. आम्ही दोघं फडात गेल्यावर कोपीवर त्याला कोण सांभाळणार? आन् मागं ठिवली असती तर वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठिवू?"

त्या बाईने हे सांगितलं त्याला धैर्य लागतं. तिच्याकडे बोट दाखवायला मी इथे आलेले नाही. तिच्या वाक्याच्या मागे अजून वाक्यं आहेत. मुकादमाने पावसाळ्यात उचल दिली ती जोडीला दिली, नवराबायको मिळून एक कोयता धरून. फडाजवळ लेकरं सांभाळायची सोय कोणी केली नाही. मोठ्या मुलीला सुरक्षित ठेवणारं वसतिगृह जवळ नव्हतं. या प्रत्येक वाक्याला कर्ता आहे.

रेल्वेत सांधेवाला असतो. तो सांधा बदलतो तेव्हा गाडी घसरत नाही. ती व्यवस्थित दुसऱ्या मार्गाला लागते. आपल्या मुली बहुतेक वेळा घसरलेल्या नसतात. त्यांचा सांधा बदललेला असतो. शाळेकडून फडाकडे, आणि फडाकडून मांडवाकडे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात विशीतल्या शंभर बायकांत चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. इतक्या गाड्या एकाच ठिकाणी घसरत नसतात. आणि सांधा बदलणारा कळला, तर तो परत फिरवायची मागणी कोणाकडे करायची हेही कळतं.

म्हणून इथून जाताना एवढं करू. दसऱ्याला गाड्या भरायच्या आत, पावसाळ्यातल्या ग्रामसभेत आपण बायकांनी उठून विचारायचं, हंगामी वसतिगृह कधी सुरू होणार, आणि मोठ्या मुलींची सोय कुठे आहे? ठरावात लिहून घ्यायचं. लहान वयाचं लग्न कानावर आलं तर ग्रामसेवकाला सांगायचं, गावात ती जबाबदारी कायद्याने त्याची आहे. १०९८ हा फोनही आहे. शाळेच्या कागदावर ड्रॉपआउट लिहिलं असेल तर गुरुजींना विचारायचं, कारणही लिहाल का?

आणि त्या मुलीसाठी, तिच्यासारख्या इथे बसलेल्या सगळ्यांसाठी, सांगते. दहावी पास आहेस. १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बाहेरून बसता येतं. मी हे बोलले तेव्हा तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "फॉर्म कवा भरायचा असतो?"

इंग्रजीचा एकही शब्द नसलेलं ते वाक्य मला आज फार आवडलं. फॉर्म हा शब्द सोडून, अर्थात. तो आता आपलाच आहे.